गॅस्केटची बैठक : प्रस्तावना

नौकेच्या यंत्राची दुरुस्ती या विषयावर आजवर जे लिहिले गेले त्यात इंधनाचा पंप, इंजेक्टर, पिस्टन आणि त्याच्या रिंगा, बेअरिंगे, शाफ्ट आणि पंखा यांना मानाचे पान मिळाले आहे. जळालेला वायू ज्या वाटेने बाहेर पडतो त्या वाटेला, आणि विशेषतः त्या वाटेवर जेथे धातूचा एक भाग दुसऱ्याला जोडला जातो त्या सांध्याला, एखाददुसऱ्या परिच्छेदापलीकडे जागा मिळालेली क्वचितच दिसते. जुने गॅस्केट काढावे, पृष्ठभाग स्वच्छ करावा, नवे गॅस्केट बसवावे, असे तीन हुकूम देऊन बहुतेक यंत्रपुस्तिका पुढच्या प्रकरणाकडे वळतात. यांतील पहिल्या आणि तिसऱ्या हुकुमाची तामिली बेताचा मिस्त्रीही करू शकेल. मधला हुकूम दिसतो तितका साधा नाही, आणि प्रस्तुत ग्रंथ सबंध त्या मधल्या हुकुमाविषयी आहे.

ज्या सांध्याचा येथे विचार करावयाचा त्याची स्थिती आधी ध्यानात घेतली पाहिजे. डिझेल यंत्र पूर्ण भाराने चालत असता सिलिंडराबाहेर येणाऱ्या वायूचे तपमान सामान्यतः ४०० ते ५५० अंश सेल्सियस असते. मोटारगाडीत हा वायू वाऱ्यावर उघड्या असलेल्या नळीतून निघून जातो; नौकेत यंत्र लाकडाच्या वा फायबरच्या पोटात, इंधनाच्या टाकीच्या आणि खलाशांच्या निजण्याच्या फळ्यांच्या निकट, कोंडलेले असते. यामुळे नौकायंत्राच्या धूरमार्गाचे दोन प्रघात पडले. एका प्रघातात नळी कोरडीच ठेवून तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन चढवितात आणि ती केबिनच्या छपरातून सरळ वर काढतात; आपल्या किनाऱ्यावरील अनेक ट्रॉलरांवर उभे धुराडे दिसते ते याच प्रघाताचे. दुसऱ्या प्रघातात मॅनिफोल्डभोवती पाण्याचे जॅकेट असते, आणि मॅनिफोल्डच्या पुढे बसविलेल्या एल्बोमध्ये समुद्राचे पाणी वायूत मिसळून त्याला इतके निववितात की पुढील मार्ग रबरी होजचा केला तरी चालतो.

या ओल्या प्रघातातील सर्वांत अवघड जागा म्हणजे मॅनिफोल्ड आणि एल्बो यांमधील सांधा. अनेक यंत्रांत या सांध्याच्या मुखावर मध्यभागी वायूची वाट आणि तिच्याभोवती पाण्याच्या वाटा असतात, आणि या दोहोंना विभागणारी धातूची पट्टी पुष्कळदा बोटाच्या पेराएवढीही रुंद नसते. पट्टीच्या एका अंगास जळता वायू, दुसऱ्या अंगास खारे पाणी. इंधनातील गंधक जळून झालेला वायू पाण्याशी संयोग पावून आम्ल होतो, मीठ त्याच्या साहाय्यास असतेच, आणि बिडाची ती पट्टी दोन्ही अंगांनी झिजत जाते. यंत्र चालू असेतो वायूचा झोत पाण्याला पुढे रेटतो आणि काही कळून येत नाही. यंत्र थांबले म्हणजे तेच पाणी थेंबाथेंबाने मागे येऊन, जो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा राहिला असेल त्यातून, सिलिंडरात उतरते. पाणी वायूप्रमाणे दाबले जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे स्टार्टर फिरविताच पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नाखव्याला वाटते, रॉडच कच्चा निघाला. तो रॉड ज्या पट्टीमुळे वाकला ती पट्टी अजूनही एल्बोखाली तशीच झाकलेली असते, आणि नव्या रॉडाचीही तीच गत करते.

कोरड्या प्रघातात पाण्याचे भय नाही, परंतु वायूचे आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. सांध्यातून निसटणारा हा वायू यंत्राच्या खणातून निजण्याच्या जागेत शिरला तर निजलेल्या माणसाला जागे होण्याची संधीही मिळत नाही. शिवाय आगीचा प्रश्न आहेच. मोठ्या जहाजांना लागू असलेल्या सोलास या आंतरराष्ट्रीय कराराने २२० अंशांहून अधिक तापणारा आणि इंधनाची नळी फुटल्यास ज्यावर तेल उडू शकेल असा प्रत्येक पृष्ठभाग वेष्टनाखाली झाकण्याचे बंधन घातले आहे, ते याच कारणाने. लहान नौकांवर असे काही तपासणारा सहसा फिरकत नाही. तेथे सांध्याभोवती उमटलेला काजळीचा काळा फराटा हाच इशारा, आणि तो वेळीच वाचता आला पाहिजे.

सांध्याचे शास्त्र डिझेलच्या जन्माहून पुष्कळ जुने आहे. मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये ह्यू लिंडसे ही आगबोट बांधली गेली, आणि १८३३ मध्ये आर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी इंडस ही आपली लहान आगबोट पाण्यात लोटली. पुढे १८४१ मध्ये ते मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंते झाले आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ ठरले. त्या पिढीच्या बाष्पयंत्रांत दोन बिडाच्या फ्लँजांमधील फट बुजविण्याचे साधन म्हणजे अळशीच्या तेलात कालवलेला शेंदूर किंवा सफेदा आणि त्यात भिजविलेला तागाचा धागा. कायमच्या सांध्यासाठी लोखंडाचा कीस आणि नवसागर यांचे मिश्रण ठासून भरीत. ते गंजून फुगे आणि फट बंद होई. या सर्व उपायांमागे एकच समजूत होती, ती अशी की धातूचे मुख ओबडधोबड असणारच, आणि त्याचे दोष पदरात घेणे हे भरावाचे काम आहे.

ही समजूत मुळापासून हलविणारा पुरुष म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ. हेन्री मॉडस्ली यांच्या लंडनच्या कारखान्यात त्याने काम केले होते, आणि १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे त्याने धातूच्या खऱ्या समतलांविषयी आपला निबंध वाचला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. दोन पाटे एकमेकांवर घासून जुळविले तर ते समतल झालेच असे नाही. एक किंचित फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असूनही ते बिनफट बसतील. तिसरा पाटा घेऊन पहिल्याला दुसऱ्याशी, दुसऱ्याला तिसऱ्याशी आणि तिसऱ्याला पहिल्याशी आळीपाळीने जुळविले, तर तिन्ही समतल झाल्यावाचून ते परस्परांशी जुळणे शक्य नाही. एखाद्या श्रेष्ठ नमुन्याचा आधार न घेता केवळ परस्पर तुलनेतून सत्य समतल निर्माण करण्याची ही युक्ती मला यंत्रविद्येतील अत्यंत सुंदर विचारांपैकी एक वाटते. त्याच निबंधात व्हिटवर्थने आणखी एक मुद्दा आग्रहाने मांडला होता. कुरुंदाची भुकटी घालून पाटे घासण्याची रूढी त्याने त्याज्य ठरविली, कारण भुकटी कोठे किती खाते यावर कारागिराचा ताबा राहत नाही. त्याऐवजी रंग लावून उंच जागा शोधाव्या आणि खरवडणीने तेवढ्याच काढाव्या, असा त्याचा उपदेश होता. खरवडावे की घासावे, हा वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही. आज एखाद्या वर्कशॉपात विजेच्या घासचक्रीवरून जी हमरीतुमरी होते ती त्याच वादाची पुढची पिढी होय.

डिझेलचे यंत्र १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले, आणि १९१२ मध्ये सेलांडिया हे डॅनिश मोटरजहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघाले तेव्हा बंदरोबंदरी लोक ते पाहावयास जमले, कारण त्याला धुराडे दिसत नव्हते; त्याचा धूर मागील डोलकाठीतून नेलेला होता. बाष्पाच्या सांध्याला जे साधत होते ते या नव्या यंत्राच्या धूरमार्गाला पुरेना. शेंदूर आणि ताग एवढ्या उष्णतेपुढे टिकत नाहीत. तेथे अ‍ॅस्बेस्टॉसचा अंमल सुरू झाला. व्हिएन्नाच्या रिचर्ड क्लिंगरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू आणि रबर एकत्र दाबून जो पत्रा तयार केला त्याचे नाव पुढे जगभरच्या गोद्यांत अशा प्रत्येक पत्र्याला पडले. तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस घालून केलेली गॅस्केटे एक्झॉस्टवर सर्रास चालू लागली. निखळ तांब्याचे कडेही वापरात होते आणि अजून आहे. ते एकदा दाबले गेले म्हणजे कठीण होते, आणि पुन्हा वापरावयाचे तर मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्यावे लागते, हे जुने मिस्त्री न सांगता करीत. नव्यांना ते मुद्दाम सांगावे लागते.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या त्या दीर्घ अमदानीत धातूच्या मुखाकडे दुर्लक्ष झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्रा मऊ होता आणि जाड होता. एल्बोचे मुख थोडे वाकले असले, खड्डे पडले असले, छिन्नीचे ओरखडे राहिले असले, तरी तो ते सर्व पोटात घाली आणि वर आणखी पाना आवळला की गळती थांबे. दोन पिढ्यांचे मिस्त्री या सवलतीवर वाढले. त्यांच्या कौशल्यात काही उणे होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या हाती जे साहित्य होते त्याने मुखाच्या सिद्धतेची गरजच त्यांना भासू दिली नाही.

ती सवलत आता संपली आहे. गुंडाळलेल्या पोलादी पट्टीचे फ्लेक्सिटॅलिक गॅस्केट १९१२ पासून उपलब्ध होते, परंतु त्याचा संचार मुख्यतः मोठ्या बॉयलरांत आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांत राहिला. १९६० च्या दशकात युनियन कार्बाइडने लवचिक ग्रॅफाइटचा पत्रा काढला, आणि अ‍ॅस्बेस्टॉसला खरा वारस मिळाला. त्यानंतर आले थरांचे पोलादी गॅस्केट: स्प्रिंगच्या स्टेनलेस पोलादाचे दोन, तीन किंवा अधिक पातळ पत्रे, त्यांवर भोकांभोवती ठोकून उठविलेली कड, आणि जेथे उष्णता कमी तेथे वर रबराचा अतिसूक्ष्म लेप. ही कड दाबली असता स्प्रिंगप्रमाणे उलट रेटा देते, यंत्र तापो वा निवो तो रेटा कायम ठेवते, आणि गॅस्केट पिचून पातळ होत नाही म्हणून बोल्ट पुन्हा पुन्हा आवळावे लागत नाहीत. गुण मोठा आहे. त्याची किंमत अशी की पोलादाची कड खड्ड्यात उतरत नाही. ती मुखावर एका अरुंद रेषेत टेकते, आणि त्या रेषेला एखादा खड्डा किंवा ओरखडा आडवा छेदून गेला तर वायूला खुली वाट मिळते. पूर्वी जे काम भराव करी ते आता धातूच्या मुखाकडे, म्हणजेच मुख सिद्ध करणाऱ्या माणसाकडे आले. गेल्या दीडशे वर्षांतील गॅस्केटांचा इतिहास मी या एका दृष्टीने वाचतो: गॅस्केट जितके कठीण होत गेले तितकी जबाबदारी त्याच्याकडून निघून मिस्त्रीच्या हाताकडे सरकली. पुस्तिकांतील तो मधला हुकूम शब्दशः तसाच राहिला, पण त्याचा अर्थ आमूलाग्र पालटला.

हा पालट आकड्यांत पाहिला म्हणजे अधिक उमजतो. पृष्ठभागाचा खरखरीतपणा पूर्वी नखाने चाचपून ठरवीत. १९३० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅबटचा प्रोफिलोमीटर आणि १९४१ मध्ये इंग्लंडात टॅलिसर्फ हे उपकरण आल्यापासून तो मायक्रॉनांत मोजता येऊ लागला, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नळांच्या फ्लँजांवर मऊ गॅस्केटासाठी मुद्दाम ३.२ ते ६.३ मायक्रॉनांच्या बारीक वर्तुळाकार रेषा ठेवतात, कारण पत्र्याला धरून राहण्यास काहीतरी हवे. सिलिंडरमाथ्याच्या मिश्र गॅस्केटाला दीड ते तीन मायक्रॉन चालतात. लेप दिलेल्या पोलादी गॅस्केटाचे कारखानदार तोच आकडा एका मायक्रॉनाच्या आसपास आणून ठेवतात. एक्झॉस्टच्या सांध्यात नियम इतका कडक नसतो, परंतु दिशा तीच आहे. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. जितके गुळगुळीत तितके उत्तम, हे सर्वत्र खरे नाही; आरशासारख्या घोटलेल्या मुखावर मऊ गॅस्केट सरकते आणि फाटते. कोणत्या गॅस्केटाला कोणते मुख, हे आधी ठरवून मगच हत्यार उचलले पाहिजे.

खरखरीतपणाच्या सरासरीहूनही ओरखड्याची दिशा महत्त्वाची, आणि हा मुद्दा मला कोणत्याच यंत्रपुस्तिकेत पुरेशा ठळकपणे आढळलेला नाही. भोकाभोवती गोल फिरणारा ओरखडा वायूला बाहेर नेत नाही; भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत जाणारा एकच बारीक ओरखडा अख्खा सांधा गळका करतो. कानस आडवी मारण्याची सवय असलेला कारागीर नकळत नेमके असेच ओरखडे पाडीत असतो. म्हणून शेवटचा हात कोणत्या दिशेने फिरवावयाचा, याला ग्रंथकर्त्यांनी जी सविस्तर जागा दिली आहे ती मला यथायोग्य वाटते.

आता समतलतेविषयी. स्ट्रेट एज मुखावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेज सरकवून पाहणे ही पहिली परीक्षा. सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात देऊन त्यावर मुख टेकविणे ही दुसरी आणि अधिक बारीक. रंग जेथे लागला ती जागा उंच. स्टडच्या भोकांभोवती बहुधा असे उंच वलय सापडते, कारण वर्षानुवर्षे आवळल्याने पेचाजवळचा धातू वर ओढला गेलेला असतो. ते वलय आधी काढून भोकाची कड किंचित मारली नाही तर पुढचे सर्व मोजमाप फोल ठरते. सहा सिलिंडरांच्या मॅनिफोल्डला सहा स्वतंत्र फ्लँज असतील तर त्यांतील प्रत्येक वेगवेगळा समतल असून भागत नाही. सहाही एकाच पातळीत यावयास हवेत, आणि हे हाताने साधणे जवळजवळ अशक्य. अशा वेळी मॅनिफोल्ड मिलिंगवर एका मांडणीत फेसिंग मारून घेणे हाच मार्ग. लहान एल्बोला एवढा खटाटोप लागत नाही. पिलकिंग्टनने १९५९ मध्ये तरंगत्या काचेची रीत जाहीर केल्यापासून जाड सपाट काच सर्वत्र मिळू लागली; तिच्यावर बारीक एमरी पेपर चिकटवून एल्बो इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे फिरवीत घासला तर उत्कृष्ट मुख मिळते. येथे व्हिटवर्थचा आक्षेप लागू पडत नाही, कारण येथे कण सुटे नसून कागदाला बांधलेले असतात आणि पाया सपाट असतो.

विजेच्या वा हवेच्या चक्रीवर बसविलेल्या घासचकत्यांविषयी ग्रंथकर्त्यांची भूमिका मध्यम आहे. बिडाच्या जाड फ्लँजवरचा गंज उडविण्यापुरती ते तिला मुभा देतात, ॲल्युमिनियमवर मनाई करतात. माझे मत याहून कडक आहे. चक्री कडा मारते आणि मधे खड्डे पाडते, हा एक दोष. चकतीतून झडणारे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण वंगणात शिरून बेअरिंगे खातात, हा दुसरा आणि अधिक भयंकर. जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीला याबाबत आपल्या दुरुस्तीकारांना लेखी ताकीद द्यावी लागली होती. धूरमार्गात वंगण नसते हे खरे. परंतु एक्झॉस्ट पोर्टमधून पडलेला कण उघड्या व्हॉल्व्हावाटे सिलिंडरात जातो, आणि टर्बोचार्जर असल्यास थेट त्याच्या पात्यांवर जाऊन आदळतो. ग्रीस लावलेल्या चिंध्या पोर्टात कोंबल्याशिवाय कोणतेही हत्यार मुखाला लावू नये, या ग्रंथातील नियमाला मी मनःपूर्वक दुजोरा देतो, आणि शक्य तेथे चक्री खोक्यातच ठेवावी असे पुस्ती म्हणून जोडतो.

सिलिकॉनच्या ट्यूबेवर भिस्त ठेवणारा एक पंथ अलीकडे फार बोकाळला आहे. त्याविषयी थोडक्यात सांगतो. सामान्य सिलिकॉन साधारण ३०० अंशांपलीकडे टिकत नाही, आणि सांध्यातून आत दाबला गेलेला त्याचा गोळा पाण्याची भोके बुजवितो. पाणी बंद झालेला एल्बो किती वेळात लाल होतो हे ज्याने पाहिले त्याला अधिक सांगावे लागत नाही.

प्रत्येक धातूची प्रकृती निराळी, आणि धूरमार्गात त्या सर्व प्रकृती शेजारी शेजारी नांदतात. बीड तापून १ मीटरला प्रत्येक अंशामागे सुमारे ११ मायक्रॉन वाढते, स्टेनलेस १७, ॲल्युमिनियम २३. अर्धा मीटर लांबीचे कोरडे बिडाचे मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापले तर दोन मिलिमीटरांहून अधिक लांबते. ज्या सिलिंडरमाथ्याला ते बोल्टांनी जखडलेले असते तो पाण्याने थंड असल्यामुळे त्याच्या एक-षष्ठांशानेही वाढत नाही. म्हणजे हा सांधा प्रत्येक सफरीत सरकतो आणि परत येतो. मुखावर उंचवटा राहिला तर तो सरकताना गॅस्केटाचा पत्रा ओरबाडून काढतो, किंवा मॅनिफोल्ड अडकून तडकते. स्टेनलेस एल्बोची व्यथा निराळी: साध्या पोलादाच्या ब्रशाने घासला की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तेथूनच गंजाला आरंभ होतो, गॅस्केटखालच्या बंद फटीत खारे पाणी साचले तर जो धातू उघड्यावर चकाकत राहतो तोच तेथे टोकरला जातो. बीड समुद्राच्या पाण्यात मुरले म्हणजे त्यातील लोखंड विरघळून जाते आणि मागे ग्रॅफाइटचा साचा उरतो. आकार शाबूत, बळ गेलेले. असे मुख चाकूच्या टोकाने खरवडता येते, आणि तसे ते खरवडले गेले तर त्यावर मेहनत न करता एल्बो बदलावा. कोणते मुख सुधारावयाचे आणि कोणते भंगारात टाकावयाचे हा निर्णय या विद्येतील सर्वांत कठीण भाग आहे, आणि ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भागही मला तोच वाटला.

जुन्या अ‍ॅस्बेस्टॉसची जी कैफियत आहे तीत कोणतीही हयगय क्षम्य नाही. सोलासने १ जानेवारी २०११ पासून जहाजांवर तो नव्याने बसविण्यास पूर्ण बंदी केली. परंतु जुन्या नौकांवर, आणि मुंबईच्या दारूखान्यासारख्या ठिकाणी मोडलेल्या जहाजांतून निघून पुन्हा बाजारात येणाऱ्या यंत्रांवर, तो चिकटलेला आढळतो. जुन्या गॅस्केटची जात कळत नसेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉसच समजावे, पाण्याने भिजवून ओलेच काढावे, कोरडे घासू नये, फुंकर तर मुळीच घालू नये. त्याच्या तंतूंनी होणारा फुप्फुसाचा विकार वीस-तीस वर्षांनी प्रकट होतो, म्हणून आज धूळ खाणाऱ्या पोरसवदा हेल्परला त्याचे भय वाटत नाही. त्याच्या वतीने ते भय वाटून घेणे हे वडील मिस्त्रीचे कर्तव्य आहे.

या ग्रंथाची निकड आपल्या किनाऱ्याला आज का आहे, हे आता सहज ध्यानी येईल. कॅनव्हासची शिडे आणि वल्ही यांवर चालणारा मच्छीमारीचा धंदा यंत्रावर आला त्याला फार तर तीन पिढ्या झाल्या. १९५२ च्या इंडो-नॉर्वेजियन कराराने केरळात जे आरंभिले गेले ते आणि मुंबई इलाख्यात सहकारी संस्थांनी जे केले ते मिळून पश्चिम किनारा यांत्रिक झाला. ज्यांनी ती पहिली यंत्रे सांभाळली ते मिस्त्री कानसीवर वाढलेले होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेने आयटीआयमधून फिटर आणि डिझेल मेकॅनिक तयार केले, १९६३ पासून कोचीच्या केंद्रीय संस्थेने मच्छीमारी नौकांवरील यंत्रचालकांच्या शिक्षणाची तजवीज केली. पण या शिक्षणाची बहुतेक पुस्तके इंग्रजीत, आणि बंदरावरचे प्रत्यक्ष ज्ञान तोंडी. सातपाटी, वर्सोवा, हर्णै, मिरकरवाडा, मालवण येथे जे जाणते हात आहेत ते एकेक करून थकत चालले आहेत, आणि नेमक्या याच काळात नवी यंत्रे पोलादी गॅस्केट घेऊन बंदरात उतरत आहेत.

शिवाय आपल्या दुरुस्तीचा हंगामच प्रतिकूल. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, आणि वर्षभराची कामे भर पावसात निघतात. उघड्या केलेल्या बिडाच्या मुखावर कोकणातल्या त्या दमट हवेत एका रात्रीत गंजाची तांबूस साय धरते. परदेशी पुस्तके हे गृहीत धरीत नाहीत. मुख सिद्ध केले त्याच दिवशी सांधा मिटवावा, ते न जमल्यास तेलाचा हात द्यावा आणि बसविण्यापूर्वी तो द्रावकाने पूर्ण पुसून काढावा, हा साधा शिरस्ता या ग्रंथात प्रथमच लेखी आलेला पाहून मला समाधान वाटले.

ग्रंथकर्त्यांनी यंत्राची जात वा कारखानदार यांवरून प्रकरणे पाडण्याचे टाळले आहे, आणि मुखाच्या अवस्थेवरून ग्रंथाची रचना केली आहे: नुसते मळलेले, गंजलेले, वाकलेले, खड्डे पडलेले, आणि गेलेले. ही रचना पहिल्या वाचनात थोडी अनोळखी वाटेल, कारण वाचक आपल्या यंत्राचे नाव शोधू लागेल आणि ते त्याला सापडणार नाही. पण मिस्त्रीसमोर जेव्हा एल्बो उघडून पडतो तेव्हा त्याला प्रथम दिसते ती अवस्थाच, म्हणून ही मांडणी मला उपयुक्त वाटते. बोल्ट आवळण्याचे प्रकरण त्यांनी शेवटी ठेवले असले तरी ते गौण मानू नये. पान्याला लावलेल्या जोराचा सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच खर्च होतो आणि सांधा दाबण्यास फक्त उरलेला कामी येतो, म्हणून गंजलेल्या पेचावर दाखविलेला टॉर्कचा आकडा काहीच सांगत नाही, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे उत्तम रीतीने दाखविले आहे. परिभाषेच्या बाबतीत वर्कशॉपात जे शब्द चालतात तेच त्यांनी ठेवले आहेत.

मोठ्या जहाजांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हांच्या बैठका लॅप मारून जुळविण्याची विद्या आणि टर्बोचार्जरांची मुखे हे दोन विषय या खंडात घेतलेले नाहीत. त्या कामांना निराळी हत्यारे आणि निराळी शिस्त लागते, आणि ती या आकाराच्या पुस्तकात उरकणे अन्यायाचे झाले असते. समतलतेच्या आणि टॉर्कच्या ज्या मर्यादा ग्रंथात दिल्या आहेत त्या सामान्य मार्गदर्शनापुरत्या आहेत. कारखानदाराचा आकडा निराळा असेल तर तोच प्रमाण मानावा. ग्रंथाच्या अखेरीस जो कोरा तक्ता जोडला आहे तो त्यासाठीच आहे. त्यात वाचकाने आपल्या यंत्राचा नंबर, गॅस्केटाची जात, मुखाची मोजलेली समतलता आणि बोल्ट आवळल्याची तारीख स्वहस्ते लिहावी, आणि पुढील वर्षी नौका पुन्हा किनाऱ्यावर येईल तेव्हा नवे पान सुरू करण्यापूर्वी आधीचे पान वाचावे.